उजवीकडे वाजणारं क्लॅरिनेट

हेडफोन निवडताना तुझी अक्कल कुठं चरायला गेली होती? तुझ्या दाजींचा उजवा कान तुझ्याच ढोलाने गेला. तीस वर्षं बँडमध्ये त्यांच्या उजव्या अंगाला उभा राहून बडवत होतास, आणि पाठवलंस काय, तर दोन कानांचं यंत्र!

धाकट्या, आशीर्वाद. मी धडधाकट आहे. हॉस्पिटल स्वच्छ आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

तुमच्या बँडचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. त्यांचं क्लॅरिनेट नेमकं उजवीकडे वाजतं. त्यांना नुसता तुझा ढोल ऐकू आला. म्हणाले, "अगं, यात मी कुठं आहे?" मग मी हेडफोन उलटा करून त्यांना घातला, तेव्हा सापडले एकदाचे.

पण त्यांच्या उजव्या बरगडीत नळी आहे, डाव्या कुशीवरच झोपावं लागतं. हेडफोन कानात रुततो. उशीखाली मावेल असा चपटा स्पीकर घे. बटण मोठं बघ, त्यांची बोटं थरथरतात.

घरी कधी सोडणार, हे डॉक्टर आता सांगत नाहीत. मीही विचारत नाही. पार्सलला आठ दिवस लागतात, म्हणून स्वतः घेऊन ये.

या पत्राचं उत्तर सुनेकडून लिहून घ्यायचं नाही. तू इथं येऊन द्यायचं, त्यांच्या डाव्या कानात.

अक्का