डोळ्यातली लेव्हल

आंबिवली, मंगळवार संध्याकाळ

मोतीबिंदू आणि मागचा पडदा, दोन्हीचं ऑपरेशन एकदमच झालं, तेव्हा डोळ्यात गॅस भरलेला. तो आता विरत चाललाय. वरचं स्वच्छ दिसतं, खालचं पाण्यासारखं हलतं, मध्ये एक रेघ. मान कशीही कलती करा, रेघ आडवीच. वागळे इस्टेटमध्ये जन्मभर मशिनी बसवताना सपाटी बघायला स्पिरिट लेव्हल लावली, आता ती डोळ्यातच येऊन बसली!

आज दुसरा डोळा झाकून स्वयंपाकघरातली फळी त्या रेघेशी ताडून बघितली. ऑपरेशनआधी ती मधोमध वाकलेली दिसायची. आता वाक गेलाय, पण डावीकडे उतरलेली दिसते. डॉक्टर म्हणालेलेच, थोडा दोष राहू शकतो. हाच का तो?

बायकोला म्हटलं, "सुलभा, फळीवर बेअरिंगची गोळी ठेव गं."

"अहो, किती वर्षं सांगतेय, ती फळी उतरतीच आहे."

"मी लावलीय ती. तू ठेव."

गोळी डावीकडे घरंगळत गेली आणि खाली पडली.

आपलंच काम वाकडं निघाल्यावर कुणाला एवढा आनंद होतो? तिला गोळी परत ठेवायला लावली. परत पडली. म्हटलं, अजून एकदा.