काचेतून पाहिलेला नाचणीचा केक

रोशनी,

मी लेकीकडे, भारतीकडे तलासरीला जातेय. तू बाजारातून येईपर्यंत माझी बस निघेल.

आज मी ओव्हन लावला. तू करतेस तसा आधी दहा मिनिटं तापवला, भांडं मधल्या जाळीवर ठेवलं आणि दार एकदाही उघडलं नाही. काचेपुढे बसून राहिले. नाचणीचं पातळ पीठ हळूहळू वर आलं, श्वास घेतल्यासारखं. जन्मभर चुलीपुढे बसले, पण आच आत काय करते ते आज पाहिलं. बराच वेळ उठवेना.

सुरी घातली, कोरडी निघाली. ओव्हन बंद आहे, केक आतच आहे, पण जाळी तापलेली आहे. हातमोजे घाल.

केकच्या ऑर्डरी घेऊ नकोस, असं मी न बघताच म्हटलं होतं. तू घे. मिथुनला मी सांगते, बायकोला अडवू नकोस म्हणून.

आई