गुडघाभर कापलेली कण्हेर

मावशी, फुटली! अठ्ठावीस खुंट होते, त्यातले सव्वीस फुटलेत, आणि प्रत्येक पेरावर बरोबर तीन-तीन कोंब. दोन नाही, चार नाही, तीन. तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, पण आज सकाळी ठाण्यातल्या त्या सोसायटीच्या कुंपणापाशी उकिडवा बसून मोजत होतो तेव्हा वाटलं, हे आधी तुलाच सांगायला हवं.

महिन्याभरापूर्वी कमिटीने ठरवलेलं, कण्हेर मुळासकट काढायची आणि तिथे पत्रे ठोकायचे. झाडांची काही चूक नव्हती. आधीच्या माळ्यांनी वर्षानुवर्षं नुसता शेंडा छाटला, त्यामुळे वर छत्री आणि खाली काठ्या. मी म्हटलं, एक महिना द्या, नाही फुटली तर मीच उपटून देतो आणि पुन्हा तुमच्या गेटात पाऊल टाकत नाही. मग सगळी गुडघ्यापर्यंत कापली, प्रत्येक काप पेराच्या बोटभर वर, तिरका. "अहो, बाग करायला बोलावलं की स्मशान?" चेअरमन म्हणाले. पाणीही बेताचंच घातलं, चिखलात कण्हेर रुसते. तीन आठवडे एक कोंब दिसेना. मला जेवण जाईना.

त्या दिवसांत तुझी कोपरची नर्सरी सारखी आठवायची. मी नवाच कामाला लागलेलो. चहा ठेवायला म्हणून कण्हेरीच्या वाळक्या फांद्या चुलीत सारतोय, आणि तू धावत येऊन लाथेने चूलच उधळतेस. "मराचा हाय का रं तुला? इख हाय तिच्यान! धूर पन नको!" चहाचं भांडं लवंडलं, मी दिवसभर फुगून बसलो. संध्याकाळी तू स्वतःचे रबरी हातमोजे माझ्या मांडीवर टाकलेस आणि दारातल्या जुन्या कण्हेरीला माझ्याकडूनच कोयता घालून घेतलास. "भ्याचा नाय. ही खालनं येते."

आज सेक्रेटरी बाई खुंटांवर वाकून वाकून बघत होत्या. "पत्रे कॅन्सल! भाऊ, कुठे शिकलात हो हे?"

"कुठे म्हणजे? आपलं आपणच."

क्षणभरही अडखळलो नाही, मावशी. हे पत्र मी घरातही कुणाला दाखवणार नाही. आणि उद्या पुन्हा कुणी विचारलं, तर बहुधा तेच सांगेन.