ताईचा चांदीचा केक

आई, काल ताईच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली आणि तिचा केक मी केला. तुला केक कधीच आवडला नाही, 'गोड पाव' म्हणून नाक मुरडायचीस, तरी सांगतो. इथे ऑकलंडमध्ये, हेन्डरसन भागातल्या एका बेकरीत मी कामाला आहे. आधी नुसते ब्रेड भाजायचो, आता केक सजवतो, आणि खरं सांगायचं तर मजेत आहे. ताई याच शहरात, पण लांब अल्बनीला राहते. तिच्या मैत्रिणींचे नवरे झाडून सगळे आयटीत, म्हणून तिने त्यांना सांगून ठेवलंय की भाऊसुद्धा कंप्युटरमध्ये आहे. केक मीच करणार म्हणून मी हट्ट धरला, तेव्हा फोनवर म्हणाली, "कर बाबा. पण सिल्व्हर ॲनिव्हर्सरी आहे, केक चांदीचाच दिसला पाहिजे. आणि कोणी विचारलं तर ऑर्डर दिली म्हणून सांगीन हं, प्लीज." मी "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या बोलीत 'चालेल की', म्हणून मोकळा झालो, पण मनाला लागलं. तिने चारचौघांत एकदा तरी 'माझ्या भावाने केलाय' म्हणावं, एवढ्यासाठीच तर माझा सगळा खटाटोप होता.

घरीच बिनअंड्याचा केक केला, त्यावर बटरक्रीम, म्हणजे लोणी आणि पिठीसाखर फेटून केलेला लेप, अगदी गुळगुळीत फासला आणि फ्रिजमध्ये ठेवून घट्ट केला. इथवर माझा हात बसलेला आहे. घोटाळा चांदीत झाला. बेकरीत आम्ही खायची चंदेरी पूड व्होडकात कालवतो. व्होडका उडून जाते, चकाकी तेवढी राहते. पण ताईच्या सासूबाई पुण्याहून आल्यात आणि त्यांची एकादशी, चतुर्थी सगळं साग्रसंगीत चालू असतं. त्यांच्या पानात दारूचं बोट लागलेला केक कसा वाढायचा? म्हणून मी शहाण्याने पूड पाण्यात कालवली. लोण्यावर पाणी टिकतं होय? ओघळच्या ओघळ आले आणि केक नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखा करडा दिसायला लागला. सगळं खरवडलं, पुन्हा लेप दिला, आणि हात धुताना तू आठवलीस.

मे महिन्याची सुट्टी आहे. मिठाईच्या दुकानामागच्या खोलीत तू काजूकतलीच्या थाळ्यांवर वर्ख लावते आहेस आणि मी स्टुलावर बसलोय. घामाने तुझं पोलकं भिजलंय, तरी पंखा बंद. तू कागदासकट वर्ख उलटा ठेवतेस, वरून हलकेच बोट फिरवतेस, कागद उचलतेस आणि चांदी खाली राहते. मला कशावरून तरी हसू येतं, वर्ख उडून तुझ्या कपाळाला चिकटतो. "हसायचं असेल तर बाहेर जाऊन हस," म्हणतेस, आणि मग तुलाच हसू आवरत नाही.

तर मी इंडियन दुकानातून वर्ख आणला. लेप जरा मऊ होऊ दिला, म्हणजे वर्ख धरून ठेवील, आणि श्वास रोखून पहिला कागद लावला. काय बसला म्हणून सांगू! दुसरा उचलला आणि भिंतीवरचा हीट पंप, म्हणजे गरम हवा सोडणारा एसी, आपोआप सुरू झाला. इथे घरात पंखा नसतो, म्हणून बंद करायचं डोक्यातच आलं नव्हतं. निम्मा वर्ख माझ्या चष्म्यावर, निम्मा फाटून केकवर. तुझ्यासारखाच एकटा हसत बसलो. मग पंप बंद करून, कुडकुडत, फाटके तुकडे जोडत गेलो. मधूनमधून पांढरं क्रीम दिसत राहिलं, आणि तेच छान दिसलं.

ताईकडे केक मांडला तशी भाची म्हणाली, "मामा, कॅन वी ईट इट?" तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. सासूबाईंनी आधी वास घेतला, मग दुसऱ्यांदा मागून खाल्ला. एका मैत्रिणीने विचारलं, "अगं, कुठून ऑर्डर केलास? हेप्स भारी आहे!" इथे 'खूप'ला हेप्स म्हणतात. मी प्लेटा गोळा करायचं निमित्त करून वळलो. ताईने हातातली सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "ऑर्डर नाही, माझ्या भावाने केलाय. बेकर आहे तो." आवाज जरा चढाच होता, भांडायला निघाल्यासारखा. 

निघताना ती गाडीपर्यंत आली. "सॉरी, मी उगाच इतकी वर्षं," एवढंच म्हणाली. मी तिला बोलू दिलं नाही, कारण चूक तिची नव्हती. ज्यासाठी इथे आलो तो कंप्युटरचा कोर्स मी वर्षभरातच सोडला होता, आणि फोनवर तुला पास झालो म्हणून सांगितलं होतं. तू सगळ्या सोसायटीत पेढे वाटलेस. मग तू गेलीस. मी कंप्युटरमध्ये आहे असं सांगून ताई इतकी वर्षं तुझ्या पेढ्यांचीच लाज राखत होती. आई, मी पास झालोच नव्हतो.