तिला सांगायचं नाही

शनिवार, ७ डिसेंबर
सकाळ

प्रिय छोटे,

अनेक आशीर्वाद. स्पर्धेच्या दिवसांत तू फोन बंद ठेवतेस, म्हणून कागद घेऊन बसले आहे. जावईबापू आज मुलींचे धुतलेले शर्ट घेऊन वसतिगृहावर येणार आहेत, त्यांच्या हाती हे देईन.

इकडे सगळं ठीक. गुडघा थंडीत कुरकुरतो, पण चालतो. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. प्लंबर म्हणाला, "आजी, हा नळ माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे." मी म्हटलं, "म्हणूनच तो जागेवर सापडतो, तू सापडत नाहीस."

हसू नकोस. मी काय करते आहे ते मला कळतंय. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात दर रविवारी सिस्टर आपल्याकडून घरी पत्र लिहून घ्यायच्या, आधी स्वतः वाचायच्या आणि मगच पाकीट बंद व्हायचं. तेव्हापासून माझी पत्रं हवापाण्यापासून सुरू होतात आणि बरेचदा तिथेच संपतात.

कालच्या मॅचमध्ये पडून आपल्या बेडकीच्या हनुवटीला टाके पडले म्हणून तू तिला एक दिवस घरी पाठवलंस, ते बरं केलंस. दोन्ही कोपरं सोलली आहेत. दूध स्ट्रॉने पितेय, अंडं नको म्हणाली. तुझा निरोपही पोचला, की उद्याची उपांत्य फेरी होईपर्यंत तिला काही सांगायचं नाही.

मी सांगितलेलं नाही. पण ती सकाळपासून मागच्या भिंतीवर व्हॉलीबॉल आपटते आहे. धप्, धप्. टाके उसवतील म्हणून ओरडले, तर म्हणाली, "आजी, प्रॅक्टिस केली असती तर हरलो नसतो. माझ्यामुळे हरलो."

"तुझ्यामुळे कशाला? सहा जणी होता ना?"

"त्या काय करणार? मागून बॉल नीट गेलाच नाही. तू मॅडमना सांग, उद्या मला बसवा आणि दुसरीला घ्या."

मैदानात तू तिची मॅडम आणि घरी छोटी आजी. हे तिच्याइतकं काटेकोरपणे कोणीच पाळत नाही.

गुरुवारी तू माझ्याकडे चहाला आलीस आणि सगळं समजावलंस. ते इथे पुन्हा मांडते. कागदावर कसं दिसतं ते मला पाहायचं आहे. दुसऱ्या गटातला तो उंच मुलींचा संघ, ज्याला सगळे घाबरतात, अचानक एक सामना हरला आणि गटात दुसरा आला. म्हणजे आपण शुक्रवारचा सामना जिंकून पहिल्या आलो, तर उपांत्य फेरीत समोर तोच. हरून दुसऱ्या आलो, तर समोर सोपा संघ. अंतिम फेरीत पोचलेल्या मुलींना खेळाच्या राखीव जागेवर कॉलेज मिळतं. तुझ्या कॅप्टनचं, लंबीचं, आणि आणखी तिघींचं हे शेवटचं वर्ष. एक सामना सोडायचा आणि चार मुलींची आयुष्यं मार्गी लावायची. "नियम कुठे मोडतोय, ताई? हरू नये असं लिहिलेलं नाही कुठे."

मला पटलं होतं. अजूनही मी ते सहज खोडून काढू शकत नाही. लंबीला कॉलेज मिळावं असं मलाही वाटतं. बुद्धिबळात प्यादं देतात, त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. मीच म्हटलं होतं ना हे? तुझ्या कपात दुसऱ्यांदा चहा ओतताना म्हटलं होतं.

मग तू उठता उठता म्हणालीस, "बेडकीला सांगणार नाहीये. तिला खोटं खेळता येत नाही, चेहऱ्यावर दिसेल. शिवाय एक जण जीव तोडून खेळली की बाकीच्यांचं झाकलं जातं."

तू बूट घालत होतीस. मी दाराशी उभी होते.

बॉलचा आवाज थांबलाय. बघून येते.

नुसती पाणी प्यायला आली होती. पुन्हा सुरू झालं.

काल मी पंचांच्या शिडीजवळच बसले होते. तू मैदानाकडे पाठ करून उभी होतीस, म्हणून तुला कदाचित दिसलं नसेल. पाच निळे शर्ट आणि मागे एक पिवळा. त्या पिवळ्या शर्टाचा नियमच असा की तिने नुसता बॉल वाचवायचा. मारायचा तो दुसऱ्यांनी. ती वाचवत होती, छोटे. जमिनीला टेकायच्या आधी हात घालत होती, घसरत होती, भिंतीपर्यंत जाऊन बॉल परत आणत होती. आणि लंबी तो शांतपणे रेषेबाहेर मारत होती. दरवेळी वळून म्हणायची, "सॉरी गं."

पंचांना संशय आला. त्यांनी शिट्टी मारून लंबीला बोलावलं. "काय चाललंय तुमचं?" नेमकी तेव्हाच बेडकी हनुवटी पुसत उठत होती, बाहीला रक्त लागलं होतं. लंबीने तिच्याकडे बोट दाखवलं. "सर, बघा ना, किती ट्राय करतोय आम्ही."

पंचांनी बघितलं आणि मान हलवली. खेळ पुढे चालू.

तू गुरुवारी एक टोमणा मारला होतास, "लहानपणी तू मुद्दाम हरायचीस माझ्याशी, ते चालायचं?" हो, हरायचे. तू जिंकलीस की दिवसभर घर डोक्यावर घ्यायचीस आणि मला ते आवडायचं. पण तुला कळलं त्या दिवशी काय झालं, आठवतंय? तू रॅकेट शेजारच्यांच्या छपरावर फेकलीस. मी समजावत होते की तुझ्यासाठीच हरले, आणि तू एकच वाक्य ओरडत होतीस. "सगळ्यांना माहीत होतं! मला सोडून सगळ्यांना माहीत होतं!"

मला वाटलं होतं तू हे विसरणार नाहीस.

आता राहिलेलं लिहिते. बेडकी दर वेळी उठली की गर्दीत मला शोधायची. आणि मी टाळ्या वाजवत होते. दोन्ही हात वर करून, तिला दिसतील अशा. तुझ्या बाकीच्या मुलींनी निदान सॉरी तरी म्हटलं.

दुपार

तुझा निरोप मी मोडला.

ती आत येऊन कपाटावरून पिशवी काढत होती. पिवळा शर्ट घडी करून माझ्यापुढे ठेवला. "हा बाबांबरोबर परत पाठव," म्हणाली. खोट्या दोषासाठी ती खरा शर्ट परत करत होती. मला ते बघवलं नाही. सगळं सांगितलं, गटापासून कॉलेजपर्यंत, तुझ्या बाजूनेही सांगितलं. काही हातचं राखलं नाही.

ती रडली नाही. मी त्याची तयारी ठेवली होती, टॉवेलसुद्धा घेऊन बसले होते.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"लंबीला?"

"हो."

"म्हणून सॉरी म्हणत होती. मला वाटलं, मी पडतेय म्हणून." मग हनुवटीची पट्टी चाचपत म्हणाली, "आणि तुला?"

त्या प्रश्नाला पळवाट होती. काल मैदानात कळलं असं म्हणता आलं असतं. छोटे, ते वाक्य माझ्या ओठावर आलं होतं.

"हो," म्हटलं. "गुरुवारपासून."

ती उठून मागच्या पायरीवर जाऊन बसली. मी दारापर्यंत गेले, तर मागे न बघता म्हणाली, "तिथेच थांब."

थोड्या वेळाने तिथूनच बोलली. "मला आधी विचारलं असतं ना, तर मी हो म्हटलं असतं. लंबीसाठी. नीट हरले असते मी. शिकले असते."

हे मला सुचलं नव्हतं. तुलाही नाही.

मग म्हणाली, "उद्या खेळेन मी. पण उद्याची मॅच खरी आहे का, ते मला सांगायला हवं. तू नाही सांगायचं. मॅडम म्हणून येऊ दे नाहीतर छोटी आजी म्हणून येऊ दे, पण तिनेच यायचं आणि माझ्याकडे बघून सांगायचं."

शर्ट अजून टेबलावर आहे. जावईबापूंबरोबर तो पाठवत नाहीये, फक्त हे पत्र पाठवते आहे. चिठ्ठी लिहू नकोस, फोनही नको. त्यांच्याच गाडीत बसून ये. काय सांगायचं ते वाटेत ठरवू नकोस, आधीच ठरलेलं असू दे.

मी तिला म्हटलं, ती येईल. तिने मान हलवली नाही. माझ्या शब्दावर आता ती नुसती मान हलवत नाही.

तिने थांबवलं तिथेच, दारात उभी राहून तुझी वाट बघणारी,
ताई