दर पंधरा मिनिटांनी

४ ऑगस्ट, सोमवार

आज रुजू झाले. विद्यापीठाच्या पोलीस खात्याची नियमपुस्तिका तयार करायची आणि ती पाळली जाते की नाही ते बघायचं, असं माझं काम. चोपन्नाव्या वर्षी नवं ओळखपत्र आणि तळघरात का होईना, स्वतःची खोली. ही वही माझ्या नवऱ्याने, वॉरेनने दिली. डायलिसिसच्या खुर्चीत बसून पहिल्या पानावर त्याने लिहिलं, 'लॉर्ना हाल्व्हर्सन, कायदेपंडित.' नोकरीबरोबर त्याचाही आरोग्यविमा आला, म्हणून संध्याकाळी केक आणला. त्याला एकच घास चालतो, बाकीचा मी संपवला.

खात्याचे चीफ रॅडकी गोड बोलतात. त्यांनी जुनी पुस्तिका माझ्या हातात ठेवली. कुणीतरी दुसऱ्या विद्यापीठाची जशीच्या तशी उचलून वर आमचं नाव घातलंय. बंदरावर गस्त कशी घालावी याची तीन पानं आहेत. इथून समुद्र हजार मैलांवर. मी एकटीच मोठ्यांदा हसत बसले.

२ सप्टेंबर, मंगळवार

पुस्तिका आजपासून लागू. एकतीस पोलीस, एकतीस सह्या. प्रत्येकाकडून घेतल्या, कुणाला सूट दिली नाही. आता मला सगळे 'नियमबाई' म्हणतात.

मला सगळ्यात अभिमान वाटतो तो चौदाव्या नियमाचा. शनिवारी फुटबॉलच्या सामन्याला झिंगलेली पोरं उचलून आणतात आणि माझ्या खोलीशेजारच्या कोठडीत झोपवतात. मी लिहिलं की दर पंधरा मिनिटांनी आत बघायचं, नावाने हाक मारायची, उत्तर ऐकायचं आणि मगच दारावरच्या कागदावर वेळ घालून सही करायची. सार्जंट प्रुइट म्हणाला, बाई, पोरांना झोपवायचं की उठवायचं ते एकदा काय ते ठरवा. सगळे हसले, मीही हसले. सही मात्र त्याने केली.

२८ सप्टेंबर, रविवार

काल सामना चालू असताना एमेट सॉर्ली नावाचा विद्यार्थी कोठडीत दगावला. एकोणीस वर्षांचा. दीड वाजता आणला होता, चार वाजून दहा मिनिटांनी सापडला. उलटी घशात अडकली. मी घरी भोपळ्याचं सूप करत होते.

२९ सप्टेंबर, सोमवार

कागद पाहिला. प्रुइटने ड्यूटीवर येताच अख्खा कागद भरून टाकला होता, म्हणजे मॅच बघताना मध्ये मध्ये उठायला नको. पावणेदोन, ठीक. दोन, ठीक. सव्वादोन, ठीक. असं थेट सहापर्यंत. मेल्यावरही ते पोर जवळजवळ दोन तास ठीक होतं. शेवटचा रकाना 'सोडल्याची वेळ', तेवढा रिकामा.

चीफने माझ्यादेखत तो कागद तुकडे करायच्या यंत्रात घातला. मग शांतपणे सांगितलं की चौदावा नियम जरा जास्तच कडक झालाय, 'पंधरा मिनिटांनी'च्या जागी 'वेळोवेळी' लिही, हाक आणि उत्तर काढून टाक आणि तारीख दोन सप्टेंबरचीच ठेव. सह्या नव्याने घेऊ म्हणाले. निघताना त्यांनी वॉरेनची चौकशी केली. विमा सुरू झाला ना, काही अडचण नाही ना, असं अगदी आपुलकीने विचारलं. त्या आपुलकीची मला शिसारी आली.

३० सप्टेंबर, मंगळवार

पान बदललं. चार वाजेपर्यंत एकतीस सह्या झाल्या. एकानेही काही विचारलं नाही. प्रुइटची सही सगळ्यांत सुबक.

मूळ पानाची एक प्रत खणात ठेवली आहे. का ठेवली, कुणास ठाऊक. ती बाहेर काढायची हिंमत माझ्यात नाही. मी भेकड आहे, वहीत तरी खरं लिहावं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

एमेटची आई आली होती. अंगावर कँटीनचा गणवेश, तशीच कामावरून उठून आलेली. ती रडली नाही, भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, की तो आत होता तेव्हा कुणी किती वेळाने बघायचं असा नियम होता? चीफ माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, वेळोवेळी.

तिने तो शब्द हळूच परत म्हणून पाहिला. मग माझे आभार मानून गेली. आभार मानले माझे!

७ ऑक्टोबर, मंगळवार

कोठडी त्या दिवसापासून रिकामी आहे. आज सकाळी तिथून जाताना पाहिलं तर दारावर कागद लावलेला. नाव एमेट सॉर्ली. तारीख आजची. नऊ, ठीक. सव्वानऊ, ठीक. साडेनऊ, ठीक. शाई ओली होती, बोटाला लागली.

असला थिल्लरपणा प्रुइटच करू जाणे. कागद फाडून यंत्रात घातला. दुपारी त्याला झापलं, तर तो पांढराफटक पडला आणि म्हणाला, बाई, मी तिकडे पाऊलसुद्धा टाकत नाही.

८ ऑक्टोबर

कागद परत लागलाय. आज वेळा कशाही. नऊ पाच, मग एकदम अकरा चाळीस. वेळोवेळी. सहीच्या जागी माझी सही, माझीच लपेट. मी केलेली नाही.

आणि भिंतीवर टकटक. तीनदा. मग थांबून पुन्हा तीनदा.

९ ऑक्टोबर

चीफना दार दाखवायला नेलं. त्यांना कागद दिसत नाही. म्हणाले, रजा घे, दगदग झालीय.

कागद तिथेच होता, त्यांच्या खांद्याशी. सोडल्याची वेळ रिकामी. त्याला कुणी सोडलंच नाही.

१० ऑक्टोबर

ठरवलं. खणातलं पान त्याच्या आईला द्यायचं. सोमवारी. वॉरेनचं या आठवड्याचं डायलिसिस एकदा पार पडू दे— सोमवारी नक्की.

दिवसभर टकटक. मी कान झाकून काम केलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

आजच आले. सोमवारपर्यंत धीर टिकायचा नाही म्हणून. पान खिशात, वही हातात. सामना आहे, सगळे स्टेडियमवर. निघणार तोच कोठडीतून कुणीतरी खोकलं. घुसमटल्यासारखं.

माझाच नियम. नावाने हाक मारली. एमेट?

उत्तर आलं. ठीक.

मी आत गेले. दार मागे लागलं. ते फक्त बाहेरून उघडतं. फोन टेबलावर राहिला.

दोन वाजले असतील

दाराच्या काचेतून कागद दिसतो, आरपार वाचता येतो. नाव बदललंय. लॉर्ना हाल्व्हर्सन. पावणेदोन, ठीक. दोन, ठीक. खाली सहापर्यंत भरून ठेवलाय. म्हणजे कुणी येणार नाही—

ओरडले. वर स्टेडियमचा गलका. गोल झाला असावा.

बाक ओला आहे. वास—

माझ्यामागे कुणीतरी श्वास घेतंय. घ्यायचा प्रयत्न करतंय. मी वळणार नाही. पान हातात धरलंय, बघ, मी देणार होते, सोमवारी देणार—

घशात काहीतरी

पावलं. बाहेर. देवा, पावलं. कुणीतरी दारापाशी थांबलं. काचेतून कुणीच दिसत नाही. हाक मारत नाहीत. का नाही मारत— मीच काढून टाकलं ते— पेन घासतंय कागदावर, ऐकू येतंय, दोनच अक्षरं

नका लिहू

मी ठीक ना—