मुडद्यानं हलायचं न्हाई

१६ जानेवारी २०२६, बीड

मुडदा! मला मुडद्याचा रोल! एस.टी.त कंडक्टरकी करत तीस वर्षं संगीत नाटकं केली. आन् ही काल आलेली डायरेक्टर ऋतुजा म्हणते, "त्रिंबककाका, तुमी पहिल्या पाच मिनिटात मरायचं."

विनोदी नाटक हाय. भर लग्नात नवरदेवाच्या मामाचा खून! पब्लिक म्हणजे वऱ्हाडी. ऋतुजा इन्स्पेक्टर होऊन माईक घेऊन खाली उतरणार. वाटंल त्यानं गुन्हा कबूल करायचा, कारण सांगायचं — गाऊन सांगितलं तर लईच भारी. शेवटी पब्लिकच हात वर करून खुनी ठरवणार. आन् मी? दीड तास सतरंजीवर. "काका, मुडद्यानं हलायचं न्हाई."

विमलला सांगितलं. "बरं," म्हणली. बायकोला काडीचं कौतुक न्हाई.

१९ जानेवारी

तालीम. नाकावर माशी बसली. हललो. शिव्या खाल्ल्या.

२२ जानेवारी

आज प्रयोग झाला.

लिंबागणेशला गणेश जयंतीची ही गर्दी! वेळेवर मेलो. एकजण ओरडला, "म्या मारला! मला बुंदी वाढली न्हाई यानं!" लोक लोळले. मी पोट आवळून गप. तेवढ्यात माईकवर दुसरा आवाज —

"म्या मारला."

विमल! माझी विमल! ही कधी आली? जन्मात माझं एक नाटक पाहिलं न्हाई हिनं!

"कावून मारला, काकू?" ऋतुजा.

"लग्नाला दोन म्हैने झालते. पाव्हण्यांपुढं म्या गौळण म्हणत होते. हे म्हणले, बंद कर, बेसूर हायस. तवापसून गायले न्हाई. लेकीला निजवताना बी न्हाई."

पब्लिक खो खो हसलं. नाटकातलंच वाटलं त्यांना. "मग आता म्हणा की!" ऋतुजा म्हणली. आन् विमलनं म्हणली. आधी दोनदा अडखळली, मग सुटली. बेसूर? कुठं बेसूर? मला तर आठवतच न्हाई मी असं बोललो ते! चौतीस वर्षं! घरात मीच गात होतो, ती गात न्हाई हे ध्यानातच आलं न्हाई. लाज वाटली. पाणी डोळ्यातून कानात गेलं. हललो न्हाई.

सगळ्यांनी तिलाच खुनी ठरवलं. टाळ्याच टाळ्या!

२३ जानेवारी

ती भाकरी थापत होती. विचारलं, "खरंच म्हणलो होतो का गं?"

"मुडद्यानं बोलायचं नसतं," म्हणली.

२६ जानेवारी

युसूफ वडगावचा प्रयोग. विमल आपणहून आली, पुढंच बसली. माईक तिच्यापाशी गेला. मी कान टवकारून पडलेलो. "आज न्हाई," म्हणली. बस, एवढंच.

काय झालं देव जाणे — उठून बसलो! बाया किंचाळल्या, एक म्हातारी तर चप्पल टाकून पळाली! म्हणलो, "खुनी मीच हाय. हिचं गाणं म्या मारलं." मग हात वर व्हायला लागले. पहिला हात विमलचा!

ऋतुजा लई भडकली. "काका, नाटकाचं वाट्टोळं केलं तुमी!" केलं. होऊ दे.

२७ जानेवारी

सकाळी जाग आली तर विमल चहा ठेवताना गुणगुणत होती. मी डोळे उघडले न्हाईत. अजिबात हललो न्हाई.